एक वार आपलाही

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाजारातून भाजी घेऊन मी मरीन परेडला आमच्या इमारतीपाशी आले. खालच्या मोकळ्या मजल्यावर, ज्याला आपण सगळे व्हॉइड डेक म्हणतो तिथे, दगडी टेबलापाशी एक मुलगा बसलेला दिसला. वय नऊ-दहा वर्षांचे. अंगात शाळेचा गणवेश, पायात मात्र रबरी चपला. शेजारच्या बाकावर तीन-चार वर्षांची एक मुलगी त्याच्या दप्तरावर डोके ठेवून झोपली होती.

'आज शाळा नाही का रे?' मी विचारले.

'आहे, आंटी.'

'मग?'

त्याने बहिणीकडे बोट दाखवले. 'तिला ताप आहे.'

हळूहळू विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. आई कचेऱ्या झाडण्या-पुसण्याचे काम करते, तेही रोजावर. वडील घरात राहत नाहीत. बहिणीला ताप असला की पाळणाघर तिला घेत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही नाही. एकीचा ताप उद्या दहा मुलांना लागायचा. आईने घरी राहावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि असे दोन-तीनदा झाले की कामच जाते. तेव्हा उरला कोण? हा नऊ वर्षांचा भाऊ.

'मग गणवेश कशाला घातलास?'

'आई अकरापर्यंत आली तर अर्धी शाळा मिळेल,' तो म्हणाला.

वाचकहो, मी घरी आले, भाजी ओट्यावर ठेवली, आणि बराच वेळ ती तशीच राहिली. या मुलाला शाळेत जायचे नव्हते असे कोण म्हणेल? पण हजेरीपटावर त्या दिवशी त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच लागले असणार. पटावर कारणाला जागा फार थोडी असते.

समुद्राच्या जागेवरची वसाहत

मरीन परेड म्हटले की गरिबी कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आपल्यापैकी ज्यांचे बालपण कटोंगच्या बाजूला गेले, त्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना आठवत असेल की तिथल्या जुन्या बंगल्यांच्या भिंतींना एके काळी भरतीचे पाणी लागत असे. १९६६ साली समुद्रात भर घालण्याचे काम सुरू झाले. बेडोककडच्या टेकड्या फोडून माती आणली गेली, समुद्र मागे सरला, आणि त्या नव्या जमिनीवर १९७० च्या दशकात उंच इमारती उभ्या राहिल्या. संपूर्णपणे भरावाच्या जमिनीवर बांधलेली ही सरकारी घरांची पहिलीच वसाहत. जिथे कोळ्यांच्या होड्या लागत तिथे आज माणसे राहतात, बाजार भरतो, आणि जून २०२४ पासून जमिनीखालून गाडीही धावते.

समुद्राचा वारा, मोठी बाग आणि जवळच नावाजलेल्या शाळा, यांमुळे या भागातील घरांना मागणी आहे. १९०६ साली स्थापन झालेली ताओ नान शाळा १९८२ साली मरीन क्रेसेंटला आली. पहिलीच्या प्रवेशात शाळेपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी विचारले जाते. त्यामुळे शाळेसाठी घर बदलणारे आईबापही इथे भेटतात. एका बाजूला शाळेजवळ राहायला मिळावे म्हणून लाखो डॉलर मोजणारे कुटुंब, आणि त्याच पदपथावर बहिणीच्या तापामुळे शाळा चुकलेला मुलगा! दोघे एकाच लिफ्टने वर जातात. आपल्या बेटावरची गरिबी अशीच असते. ती झोपडीत राहत नाही, फाटके कपडे घालून रस्त्यावर बसत नाही. तिच्या दाराला इतरांसारखाच क्रमांक असतो आणि दोरीवर इस्त्रीच्या शर्टांबरोबर तिचेही कपडे वाळत असतात. म्हणूनच ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीच असे आपण धरून चालतो.

फी तेरा डॉलर, तरीही

कोणी म्हणेल, इथे शाळा महाग थोडीच आहे? खरे आहे. सरकारी प्राथमिक शाळेत नागरिकांच्या मुलांना शिकवणीची फी नाही. किरकोळ खर्चापोटी महिन्याला फार तर १३ डॉलर द्यावे लागतात. कायदाही आहे. तब्बल ४४ वर्षे मरीन परेडचे प्रतिनिधित्व केलेले गोह चोक टोंग पंतप्रधान असताना २००० साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००३ पासून तो लागू झाला. या बेटावर राहणाऱ्या प्रत्येक नागरिक मुलाने प्राथमिक शाळेत गेलेच पाहिजे. न पाठवणाऱ्या पालकाला दंड आणि तुरुंगवास, दोन्हींची तरतूद त्यात आहे. २०१९ पासून विशेष गरजा असलेली मुलेही या कायद्याखाली आली.

आपल्या मराठी माणसांना ही कल्पना नवी नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ सालीच आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण महाराज तेवढ्यावर थांबले नव्हते. त्याआधीच १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारायला सुरुवात केली होती. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात शाळा मिळाली तरी राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतोच, हे त्यांनी ओळखले होते.

मुद्दा नेमका हाच आहे. शाळेचे दार उघडे ठेवणे वेगळे, आणि मुलाला त्या दारापर्यंत रोज, वेळेवर, पोटात दोन घास घालून आणि रात्रभराची झोप देऊन पोहोचवणे वेगळे. पहिले काम सरकारने केले आहे, आणि चांगले केले आहे. दुसरे काम घराचे असते. घरच डळमळीत असेल तर?

शाळा घरात सुरू होते

आपल्या शाळा सकाळी साडेसातच्या सुमारास भरतात. म्हणजे मुलाने साडेसहापूर्वी उठले पाहिजे, आणि त्यासाठी रात्री नऊ-साडेनऊला झोपले पाहिजे. आता एका खोलीच्या किंवा दोन खोल्यांच्या भाड्याच्या घराची कल्पना करा. त्यात आजी, आई, तीन मुले, आणि कधी एखादा मामा. दूरदर्शन तिथेच, स्वयंपाक तिथेच, भांडण तिथेच, आणि झोपायची गादीही तिथेच. ज्याला पहाटेच्या पाळीला जायचे आहे तो लवकर झोपू पाहतो. जो रात्रीच्या पाळीवरून येतो तो मध्यरात्री दिवा लावतो. मुलाची झोप सगळ्यांच्या पाळ्यांमध्ये चिरडली जाते. असा मुलगा वर्गात पेंगला की 'लक्ष नाही' असा शेरा मिळतो.

गृहपाठाचे तसेच. आपल्या मुलांना टेबल, खुर्ची, दिवा आणि बंद करता येईल असे दार असते. हे सारे त्यांना इतके सहज मिळते की ते मिळाले आहे हेही आपल्याला जाणवत नाही. टेबल नसलेला मुलगा जमिनीवर पालथा पडून लिहितो. लहान भावंड वहीवर पाणी सांडते. दुसऱ्या दिवशी वही दाखवायची लाज वाटते, म्हणून तो 'विसरलो' म्हणतो. एकदा विसरला, दोनदा विसरला, की विसराळू म्हणून त्याचे नाव होते.

पुढे दुपार येते. शाळा दीडच्या सुमारास सुटते आणि आई सात वाजता येते. मधले साडेपाच तास मुलाचे कोण? शाळाशाळांतून आता दुपारी मुले सांभाळण्याची केंद्रे आहेत, ही मोठीच सोय झाली. पण घरातला मोठा भाऊ किंवा मोठी बहीण तिथे थांबली तर धाकट्याला पाळणाघरातून आणायचे कोणी? आपल्याकडे मोठ्या मुलीला 'घरची दुसरी आई' म्हणून कौतुकाने मिरवतात. त्या कौतुकाच्या पोटात किती मुलींचे पाढे आणि किती धडे बुडाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आणि या सगळ्यावर शिकवण्यांची शर्यत. २०२३ च्या घरखर्चाच्या पाहणीप्रमाणे या बेटावरील कुटुंबांनी वर्षाला १.८ अब्ज डॉलर खासगी शिकवण्यांवर खर्च केले. त्यात वरच्या पाचव्या हिश्श्यातील घरे सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्याच्या चौपटीहून जास्त पैसे मोजतात. आपली मुले शाळेत जे शिकतात ते संध्याकाळी दुसऱ्यांदा शिकतात. ज्याला ते एकदाच शिकायला मिळते, आणि तेही पेंगत पेंगत, तो त्यांच्याबरोबर सहावीच्या परीक्षेला बसतो. परीक्षा सगळ्यांची एकच, तयारी मात्र निरनिराळी.

आपल्यापैकी ज्यांची मुले १९८० च्या सुमारास शाळेत होती त्यांना ते दिवस आठवत असतील. १९७९ च्या नव्या शिक्षणपद्धतीप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलांची विभागणी होई. नऊ वर्षांच्या मुलाच्या भवितव्याची वाट तेव्हाच ठरून जाई, आणि घरात रडारड होई. ती पद्धत पुढे सैल होत गेली. २०२४ पासून माध्यमिक शाळेतले जुने प्रवाहही गेले, आणि आता विषयवार पातळी ठरते. हा बदल चांगलाच आहे. पण शाळेने विभागणी बंद केली म्हणून घराघरांतील विभागणी संपत नाही.

२०२० च्या साथीत ती उघडी पडली. ८ एप्रिलपासून सगळी मुले घरून शिकू लागली. ज्या घरात प्रत्येकाला संगणक होता तिथे मुले कंटाळली, एवढेच. ज्या घरात तीन मुलांत आईचा एकच फोन होता, तिथे कोणाचा वर्ग बुडवायचा हे आईला रोज सकाळी ठरवावे लागले. शाळांनी संगणक उसने दिले. घरी ज्यांची सोयच नव्हती अशा काही मुलांना शाळेत येऊन बसू दिले. पुढे २०२१ च्या अखेरीपर्यंत माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचे यंत्र आले. पण यंत्र दिले तरी शांत कोपरा कोण देणार?

मदत आहे, पण तिच्यापर्यंत जायचे कोणी?

इथे सरकारवर किंवा संस्थांवर आगपाखड करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. उलट मदत इतकी आहे की तिची यादी वाचूनच दमायला होते. शिक्षण मंत्रालयाची आर्थिक साहाय्य योजना आहे. ज्या घराचे एकूण उत्पन्न महिन्याला ४,००० डॉलरपर्यंत, किंवा माणशी १,००० डॉलरपर्यंत आहे, त्या घरातील नागरिक मुलांना २०२५ पासून ती मिळू शकते. आधी ही मर्यादा ३,००० आणि ७५० होती. तीत किरकोळ फी माफ होते, पुस्तके व गणवेश मिळतात, मधल्या सुटीतल्या जेवणाला हातभार लागतो. स्ट्रेट्स टाइम्स वृत्तपत्राने २००० साली सुरू केलेला शालेय हातखर्च निधी आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी २०१६ साली किडस्टार्ट ही योजना आली. वारंवार गैरहजर राहणाऱ्या आणि शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांकडे पाहण्यासाठी २०१८ साली सरकारने खास कृतिदल नेमले. वस्तीवस्तीत कुटुंब सेवा केंद्रे आहेत, तिथे समाजसेवक बसतात.

आणि आपली स्वतःची 'सिंडा' आहे. वाचकांपैकी नोकरदारांनी आपली पगाराची चिठ्ठी एकदा नीट पाहावी. भविष्यनिर्वाह निधीच्या खाली एक छोटी वजावट दिसेल. पगाराप्रमाणे ती महिन्याला १ डॉलरपासून ३० डॉलरपर्यंत असते. भारतीय वंशाची मुले शाळेत मागे पडतात ही चिंता १९८० च्या दशकात वाढली, आणि त्यातून १९९१ साली सिंडाची स्थापना झाली. तमिळ, मल्याळी, पंजाबी, गुजराती, मराठी, सगळ्यांच्या पगारातून थोडे थोडे घेऊन त्यातून स्वस्त शिकवणी वर्ग, समुपदेशन आणि गरजू घरांना मदत चालते. म्हणजे आपण देतो. प्रश्न एवढाच की आपण दिलेले पोहोचावे म्हणून आणखी काही करतो काय?

कारण देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक लहानशी दरी असते, आणि मुले पडतात ती तिच्यात. त्या मंगळवारी संध्याकाळी मी वर जाऊन त्या मुलाच्या आईला भेटले. तमिळ बाई. माझे तमिळ बाजारापुरते, तिचे इंग्रजी कामापुरते, पण जमले. तिने एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. शाळेची पत्रे होती. काही उघडलेली, काही न उघडलेली. साहाय्याचा अर्जही त्यात होता, अर्धा भरलेला.

'आक्का, पगाराच्या चिठ्ठ्या मागतात,' ती म्हणाली. 'मी तीन ठिकाणी काम करते. एका ठिकाणी चिठ्ठी मिळते, दोन ठिकाणी रोख.'

'मग शाळेत जाऊन सांगायचे.'

ती गप्प बसली. मग जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. 'मुलगा बहिणीला सांभाळायला घरी राहतो हे सांगितलं, तर मुलं काढून नेतील ना?'

म्हणून ती प्रत्येक वेळी शाळेला कळवत होती की मुलालाच ताप आहे. शाळेच्या दृष्टीने तो एक वारंवार आजारी पडणारा मुलगा होता. त्याच्या वर्गशिक्षिकेने काळजीने डॉक्टरांना दाखवण्याविषयी पत्रही पाठवले होते, ते त्या पिशवीत न उघडता पडले होते. पाहा, कोणीच दुष्ट नव्हते. आई मुलांवर जीव टाकणारी, शिक्षिका काळजी करणारी, योजना तयार, पैसे तयार. फक्त खरी गोष्ट एका घरातून दुसऱ्या कचेरीत गेली नव्हती. भीती आणि लाज या दोघी दारात आडव्या उभ्या होत्या.

आपण मध्यमवर्गीय माणसे 'मागितले की मिळते' असे सहज म्हणतो. पण मागायला सुद्धा वेळ लागतो, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, कागद सांभाळावे लागतात, अनोळखी माणसापुढे आपला नवरा, आपले कर्ज, आपले स्वयंपाकघर उघडे करावे लागते. आणि एका कचेरीत सांगून झाले की दुसऱ्या कचेरीत तेच पुन्हा सांगावे लागते. तिसऱ्या वेळी माणूस म्हणतो, नको ती मदत.

वार लावण्याची जुनी रीत

या विचारात असताना मला माझ्या आजोबांनी सांगितलेली एक रीत आठवली. जुन्या पिढीतील वाचकांनी ती ऐकली असेल, तरुणांसाठी सांगते. पूर्वी पुण्यासारख्या शहरात खेड्यापाड्यांतून गरीब विद्यार्थी शिकायला येत. खानावळीला पैसे नसत. मग ते 'वार लावून' जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. एका घराला सात दिवस पोसणे जड गेले असते, पण आठवड्यातून एक पान वाढणे कोणालाच जड नव्हते. सात घरे मिळून एक मुलगा शिकत असे. अशा वारांवर शिकून पुढे वकील, शिक्षक, संपादक झालेली माणसे महाराष्ट्राने पाहिली.

या रीतीचा दोषही सांगितला पाहिजे. ती बहुतेक ब्राह्मण मुलांपुरतीच होती. दलित किंवा कुणब्याच्या मुलाला त्या पंगतीत जागा नव्हती. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली ती म्हणूनच, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर ही पंगत सगळ्यांसाठी मांडली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे साताऱ्याला निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एकत्र रांधतील आणि एकत्र जेवतील असे वसतिगृह चालवले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली आणि शाहू महाराजांचे नाव त्याला दिले गेले. मुलांच्या पोटासाठी पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, मंगळसूत्र सुद्धा. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे ब्रीद आज महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण ते ब्रीद ज्या चुलीवर शिजले ती लक्ष्मीबाईंची होती, हे विसरू नये.

आज मरीन परेडच्या मुलाला आपण दागिने विकण्याची गरज नाही. जेवण बहुधा मिळते, पुस्तके मिळतात. त्याला कमी पडते ते दुसरेच: एक मोठे माणूस, जे ठरल्या दिवशी ठरल्या वेळी हजर असते. वार जेवणाचा नको, वेळेचा हवा.

बुधवार

त्या आईला घेऊन मी जवळच्या कुटुंब सेवा केंद्रात गेले. मी काही विशेष केले नाही; फक्त बरोबर बसले. तिथल्या तरुण समाजसेविकेने पहिल्या दहा मिनिटांत सांगितले की गरीब आहे किंवा मुलगा बहिणीला सांभाळतो एवढ्यासाठी कोणी मुले काढून नेत नाही. हे एक वाक्य ऐकायला त्या बाईला किती महिने लागले होते! रोखीच्या पगारासाठी काय लिहायचे ते तिनेच दाखवले. शाळेला खरे कारण कळले. वर्गशिक्षिकेने त्या मुलाचे बुडलेले धडे काढून दिले.

उरला प्रश्न तापाचा. मुलीला ताप येणारच. लहान मुलांना येतोच. आमच्याच मजल्यावर एक चिनी आजीबाई एकट्या राहतात. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, ताप असला की मुलीला माझ्याकडे ठेवा, नाहीतरी मी दिवसभर घरीच असते. एवढी साधी गोष्ट. दोन दारांचे अंतर होते, पण विचारायचे कोणी, हे इतकी वर्षे कोणाला सुचले नव्हते, मला सुद्धा नाही.

आणि मी बुधवार घेतला. दर बुधवारी अडीच वाजता तो मुलगा वही घेऊन येतो. आम्ही अपूर्णांक करतो, इंग्रजी मोठ्याने वाचतो, मध्ये पोहे खातो. त्याला पोह्यांतली मिरची काढून टाकायची सवय आहे, ती मी मोडलेली नाही. सुरुवातीला त्याला तिसरीचे गणितही नीट येत नव्हते. आता येते. चौथीचे येईल.

सगळे सुरळीत झाले असे सांगून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. गेल्या महिन्यात दोन बुधवार तो आला नाही. आईचे एक काम सुटले आहे. विजेचे बिल थकले होते. वडिलांचे काय, ते मी विचारत नाही. पण शाळा चुकण्याचे दिवस कमी झाले, आणि चुकलीच तर खरे कारण शाळेला कळते. एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

आपण काय करू शकतो?

आपला मराठी समाज इथे लहान आहे. आपल्यातील काहींच्या घरात मराठी आता आजीपुरती उरली आहे. मुले शाळेत हिंदी किंवा तमिळ शिकतात, कारण मातृभाषा म्हणून मराठी इथल्या शाळांत नाही. लहान समाजाला वाटते की आपले काय, आपली मुले तर शिकतातच. पण आपल्यातही अडचणीतली घरे आहेत. कोणाचे वडील अकाली गेले, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे घर मोडले. गणेशोत्सवाला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात छान साडी नेसून आलेली बाई घरी कोणत्या काळजीत आहे, हे आरतीच्या गर्दीत समजत नाही. परवान्यावर नोकरीला आलेल्या कुटुंबांची तऱ्हा तर आणखी वेगळी. त्यांच्या मुलांची फी नागरिकांच्या कित्येक पट, वर सांगितलेल्या बहुतेक सवलती त्यांना नाहीत. बापाची नोकरी गेली की बहुधा ३० दिवसांत बेट सोडावे लागते. मुलाच्या सहामाहीच्या मध्यावरच शाळा संपते. अशा घराला निदान सामान बांधायला, मुलाचे दाखले काढायला आणि पुढच्या गावची शाळा शोधायला कोणी हात दिला, तर त्याचे वर्ष वाचते.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवते.

पहिली, आपल्या मजल्यावरची माणसे ओळखा. शाळेच्या वेळी गणवेशातले मूल खाली बसलेले दिसले तर रागावू नका, 'काय झाले?' एवढेच विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

दुसरी, कागदाला हात लावा. ज्याला इंग्रजी पत्रे वाचता येत नाहीत, किंवा वाचायची भीती वाटते, त्याच्या शेजारी बसून ती वाचून दाखवा. अर्ज भरून देणे ही मोठी समाजसेवा आहे. सरकारी मदतीच्या चौकशीसाठी कॉमकेअरचा १८००-२२२-०००० हा दूरध्वनी आहे. तो लावताना शेजारी कोणी असले की धीर येतो.

तिसरी, ज्यांना शिकवता येते त्यांनी सिंडाच्या वर्गांत किंवा वस्तीतल्या केंद्रात स्वयंसेवक व्हावे. निवृत्त मंडळींनी विशेषतः. आपल्याला वेळ जात नाही आणि मुलांना वेळ मिळत नाही. या दोन दुःखांची गाठ घालून देता येते.

चौथी, मूल जर मार खात असेल, उपाशी राहत असेल, किंवा घरात भीतीने वावरत असेल, तर 'त्यांच्या घरातली गोष्ट' म्हणून दार लावून घेऊ नका. तिथे शेजाऱ्याने गप्प बसणे म्हणजे सभ्यपणा नव्हे.

मूल चुकले की आपण त्याला विचारतो, तू अभ्यास का केला नाहीस? त्याआधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: तू काल झोपलास कुठे, जेवलास काय, आणि घरी कोण होते? पूर्वी सात घरांनी मिळून एक मुलगा शिकवला. आपल्या एका इमारतीत शंभराहून जास्त घरे आहेत.

माझा बुधवार ठरलेला आहे. बाकीचे सहा वार मोकळे आहेत. वाचकहो, त्यातला आपला कोणता?